ॲथलेटिक्सची तिजोरी कोणी उघडली?

२००४ साली ओकलंड ॲथलेटिक्स या अमेरिकी बेसबॉल संघानं एरिक चावेझ या तिसऱ्या बेसच्या खेळाडूशी सहा वर्षांचा, ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. संघाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा करार ठरला, आणि पुढची वीस वर्षं तो विक्रम कोणी मोडला नाही. दरम्यान बेसबॉलमधले पगार कुठल्या कुठे गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. त्याच सुमारास ॲथलेटिक्सनं लुईस सेव्हेरिनो या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख दिले आणि चावेझचा विक्रम मोडला. फरक फक्त १० लाखांचा.

त्या हिवाळ्यात ॲथलेटिक्स एवढ्यावर थांबले नाहीत. टँपा बेकडून जेफ्री स्प्रिंग्ज आणि जेकब लोपेझ हे दोन डावखुरे पिचर अदलाबदलीत घेतले. होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारणाऱ्या ब्रेंट रूकरला पाच वर्षांचे ६ कोटी मिळाले. शेवटच्या डावांत उतरणाऱ्या होसे लेक्लर्कला एका वर्षाचे १ कोटी मिळाले, आणि मार्चमध्ये लॉरेन्स बटलर या तरुण बॅटरला सात वर्षांसाठी ६ कोटी ५५ लाख. आदल्या वर्षी तीस संघांत सर्वांत कमी पगार देणारा हा संघ. ओकलंडचे चाहते वर्षानुवर्षं ‘थोडा तरी खर्च करा’ म्हणून ओरडत होते तेव्हा मालकानं ऐकलं नाही. मग अचानक हा हात सैल कसा झाला?

उत्तर नियमांच्या वहीत आहे. या लेखाचा मुद्दाही तोच आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये सध्या सगळे पगारावरच्या कमाल मर्यादेबद्दल भांडताहेत. लॉस एंजेलिस डॉजर्ससारखे संघ फार खर्च करतात, त्यांना आवरा, अशी ओरड आहे. मला मात्र ॲथलेटिक्सची ही दोन हिवाळ्यांची खरेदी पाहून वाटतं की आधी किमान मर्यादा लिहून काढायला हवी. तीही कमाल मर्यादेच्या शेपटीला न बांधता.

आधी नियम सांगतो. मेजर लीगमधला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधला प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नातला, म्हणजे तिकिटं, स्थानिक टीव्ही वगैरेंतून येणाऱ्या निव्वळ पैशातला ४८ टक्के वाटा एका सामायिक पेटीत टाकतो आणि मग ती पेटी सगळ्यांत समान वाटली जाते. साहजिकच न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसवाले देतात जास्त आणि पिट्सबर्ग, टँपावाले घेतात जास्त. ॲथलेटिक्सचा प्रश्न मध्ये लोंबकळत होता. बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडचा परिसर, ही मोठी बाजारपेठ, मग यांना मदत कशाला, म्हणून लीग आणि खेळाडूंमधल्या आधीच्या कामगार करारात त्यांची मदत टप्प्याटप्प्यानं बंद करण्यात आली होती. मार्च २०२२ च्या करारात ती पुन्हा टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि २०२५ मध्ये पूर्ण वाटा मिळणार होता. सोबत एक अट होती. मदत घेणाऱ्या संघानं ती खेळाडूंवर, मैदानावरच्या कामगिरीवर खर्चायची. पगाराची बेरीज मिळालेल्या मदतीच्या दीडपटीपेक्षा कमी राहिली आणि खेळाडूंच्या संघटनेनं तक्रार केली, तर पैसे नीट वापरले हे सिद्ध करायची जबाबदारी संघावर येते. त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून आलेला हिशोब असा होता की तक्रार टाळायची तर ॲथलेटिक्सना २०२५ साठी पगाराचा आकडा साधारण १० कोटी ५० लाख डॉलरपर्यंत न्यावा लागेल. म्हणून सेव्हेरिनो, म्हणून स्प्रिंग्ज, म्हणून लेक्लर्क. दानत जागी झाली म्हणून नव्हे.

काही लोक याला हेतूंवर शंका घेणं म्हणतील. सरव्यवस्थापक डेव्हिड फोर्स्ट आणि प्रशिक्षक मार्क कॉटसे यांनी संघ सुधारायला मनापासून धडपड केली असेल, यावर माझा विश्वास आहे. शंका आहे ती मालक जॉन फिशर यांच्याबद्दल, आणि तिला इतिहास आहे. गॅप या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीच्या संस्थापकांचे हे चिरंजीव २००५ पासून संघाचे मालक आहेत. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे नव्या कराराची शाई वाळते न वाळते तोच, संघानं मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरंटोला आणि क्रिस बॅसिट मेट्सना देऊन टाकला. एप्रिलमध्ये शॉन मनाया गेला, डिसेंबरमध्ये कॅचर शॉन मर्फी गेला. एका वर्षात अख्खा कणा काढून घेतला. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. त्या वर्षी १३ जूनला चाहत्यांनी उलटा बहिष्कार टाकला. मुद्दाम मैदान भरायचं आणि ‘संघ विका’ म्हणून ओरडायचं, असा तो कार्यक्रम. २७ हजारांवर लोक आले. ओकलंडमध्ये चाहतेच उरले नाहीत, या मालकाच्या म्हणण्याला याहून चोख उत्तर काय असतं? पण उत्तर कोणी मागितलंच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये बाकीच्या मालकांनी स्थलांतराला एकमतानं मंजुरी दिली.

२६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंड कोलिझियमवर शेवटचा सामना झाला. ४६ हजारांवर लोक, समोर टेक्सास, निकाल ३–२ असा ॲथलेटिक्सच्या बाजूनं. १९६८ पासूनचं घर, चार विश्वविजेतेपदं पाहिलेलं. १९७२, ७३, ७४ अशी ओळीनं तीन आणि मग भूकंपानं थांबवलेल्या १९८९ च्या मालिकेतलं चौथं. बास्केटबॉलचे वॉरियर्स आधीच सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते, फुटबॉलचे रेडर्स लास व्हेगासला. बे एरियातल्या मराठी माणसांना कदाचित आठवत असेल, एकेकाळी हा संघ फ्रीमाँटला यायचा होता. २००६ मध्ये आराखडा जाहीर झाला, २००९ मध्ये गुंडाळला गेला. आज ज्या फ्रीमाँटमध्ये मराठी घरं भरपूर आहेत, तिथे मेजर लीगचं मैदान असतं तर आपल्याकडच्या किती पोरांनी हातात ग्लव्ह घेतला असता, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. पण ते असो.

गंमत अशी की कोलिझियम रिकामं झालं आणि पुढच्याच जूनमध्ये तिथे क्रिकेट आलं. १२ जून २०२५ ला मेजर लीग क्रिकेटच्या नव्या मोसमाचा पहिला सामना त्याच मैदानावर झाला. आपल्या सौरभ नेत्रावळकरच्या वॉशिंग्टन फ्रीडम संघाविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन ॲलननं ५१ चेंडूंत १५१ धावा कुटल्या, त्यात १९ षटकार. ट्वेंटी-ट्वेंटीत एका डावात इतके षटकार त्याआधी कोणीही मारले नव्हते. ज्या मैदानाबद्दल ‘इथे आता खेळ चालत नाही’ असं सांगून संघ हलवला गेला, तिथे हे झालं.

आता संघ कुठे खेळतो? सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला सटर हेल्थ पार्क नावाचं मायनर लीगचं मैदान आहे, साधारण १४ हजार प्रेक्षकांचं. ते सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाच्या मालकीचं आहे, आणि किंग्जचे प्रमुख मालक आहेत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. म्हणजे बेसबॉलमधल्या एका ऐतिहासिक संघाला सध्या आसरा दिला आहे तो एका मुंबईकरानं, आणि बातम्यांनुसार भाडंही न घेता. आपल्या माणसानं सॅक्रामेंटोला मेजर लीग दाखवली याचं कौतुक करायला हरकत नाही. रणदिवे यांचं गणितही कळण्यासारखं आहे. आपल्या शहराला मोठा खेळ पेलतो हे लीगला दाखवायचं, म्हणजे उद्या नवा संघ देताना सॅक्रामेंटोचा विचार होईल. पण पाहुण्यांनी यजमानांच्या शहराचं नाव संघाच्या नावात घ्यायला नकार दिला. संघाचं अधिकृत नाव आता नुसतं ‘ॲथलेटिक्स’. ओकलंड नाही, सॅक्रामेंटो नाही, लास व्हेगास अजून नाही. भाड्याच्या घरात दोन वर्षांसाठी आलेला माणूस भिंतीत खिळा ठोकताना दहादा विचार करतो, तसं यांचं चाललंय. फक्त इथे घरमालक खिळा ठोका म्हणतोय.

मैदानाबद्दल इतकं लिहिण्याचं कारण आहे. या संघाची सर्वांत मोठी उणीव तिथूनच निघते, आणि खेळाडूंच्या यादीवरून नजर फिरवून ती कळत नाही.

पहिल्या मोसमाचा निकाल पाहा. ३१ मार्च २०२५ ला घरच्या पहिल्याच सामन्यात शिकागो कब्जनी त्यांना १८–३ असं धुतलं. मेच्या मध्यावर संघ निम्म्याहून जास्त सामने जिंकून होता. मग २१ पैकी २० सामने हरला. शेवटी ७६ विजय आणि ८६ पराभव. आदल्या वर्षी ६९ विजय होते, म्हणजे सुधारणा झालीच, पण ती बॅटच्या जोरावर. सेव्हेरिनोचा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे त्यानं दिलेल्या धावांची सरासरी, मोसमाअखेर साडेचारच्या किंचित वर होता. त्याची फोड केली की खरी कथा दिसते. परक्या मैदानांवर तो तीनच्या आसपास, घरच्या मैदानावर सहाच्या आसपास. तोच माणूस, तोच हात, तोच पगार. इथे सामना खेळताना सराव सामन्यांसारखं वाटतं, असं तो स्वतः जाहीरपणे म्हणाला होता. पैसे घेऊन कुरकुर करतो म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. मला ती टीका पटली नाही. चेंजिंग रूम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, उन्हाळ्यात ३८ अंशांच्या पुढे जाणारं तापमान, तापलेल्या हवेत लांब उडणारा चेंडू आणि दहा हजारही न भरणारी सरासरी गर्दी. पिचरच्या दृष्टीनं याहून वाईट कार्यालय शोधून सापडणार नाही.

बाकीच्या खरेदीचं काय झालं? लेक्लर्क एप्रिलमध्येच दुखापतीनं बाद झाला आणि पुन्हा उतरला नाही. स्प्रिंग्जनं जेवढे जिंकले तेवढेच हरले, पण पूर्ण मोसम खांदा दिला. अदलाबदलीत जवळजवळ वरकड म्हणून आलेला लोपेझ अपेक्षेपेक्षा बरा निघाला. एकूण पिचिंग मात्र लीगमध्ये तळाकडेच राहिली. आणि ३१ जुलैला संघानं आपला सर्वांत वेगवान पिचर मेसन मिलर सॅन डिएगोला देऊन टाकला, सोबत जेपी सिअर्सही. बदल्यात लिओ डे व्रीस हा अठरा वर्षांचा डोमिनिकन शॉर्टस्टॉप आणि तीन पिचर आले. डे व्रीस उद्याचा तारा असू शकतो, सगळे जाणकार तसं म्हणतात. पण ज्या संघाकडे पिचरांचाच दुष्काळ आहे त्यानं ताशी १६० किलोमीटरच्या वर चेंडू टाकणारा माणूस देऊन आणखी एक बॅटर घ्यावा, यात संघाचं प्राधान्य उघड होतं. त्यांना २०२८ चा संघ हवाय. मधली वर्षं म्हणजे वेळ काढणं.

बॅटर मात्र काय निघाले! २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथ्या क्रमांकावर उचललेला निक कर्ट्झ वर्षभरात मेजर लीगमध्ये आला. २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये त्यानं एका सामन्यात चार होमरन मारले, सहा वेळा बॅटिंगला आला आणि सहाही वेळा हिट. पहिल्याच मोसमात असं करणारा तो पहिला. मोसमाअखेर ३६ होमरन, आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा मान एकही मत न गमावता. दुसऱ्या क्रमांकावर त्याच संघाचा शॉर्टस्टॉप जेकब विल्सन, बॅटिंगची सरासरी .३११, लीगमधल्या सर्वोत्तम सरासरींपैकी एक. टायलर सोडरस्ट्रॉमनं २५ होमरन मारले आणि मोसम चालू असतानाच डावं आऊटफिल्ड शिकून घेतलं. कॅचर शे लँगेलियर्सचे ३१, रूकरचे ३०. ही बॅटिंग कुठल्याही संघाला हेवा वाटावा अशी आहे.

या हिवाळ्यातली खरेदीही त्याच रेषेत झाली. डिसेंबरमध्ये सोडरस्ट्रॉमला सात वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख मिळाले, आणि सेव्हेरिनोचा विक्रम वर्षभरातच मोडला. जानेवारीत विल्सनला सात वर्षांसाठी ७ कोटी. मेट्सकडून जेफ मॅकनील घेतला, २०२२ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम सरासरीचा मानकरी, दुसऱ्या बेसवरची जागा भरायला. त्याच्या पगाराचा काही भार मेट्सच उचलतील. माझ्या मते हे सगळे शहाणपणाचे सौदे आहेत. तरुण खेळाडूला पहिली सहा वर्षं मुक्त बाजारात जाता येत नाही. पहिली तीन तर तो जवळजवळ किमान वेतनावर खेळतो. अशा वेळी त्याला आत्ताच मोठी रक्कम देऊन पुढची महागडी वर्षंही बांधून घ्यायची, यात खेळाडूला सुरक्षितता आणि संघाला स्वस्ताई, दोन्ही साधतं. २०२२ मध्ये ओल्सन आणि चॅपमनबाबत हेच करता आलं असतं. तेव्हा मदतीचा ओघ आटलेला होता, म्हणून दीडपटीची अटही दातहीन होती. अट मोठी झाली, करार झाले. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

बेरीज करून बघा. रूकर, बटलर, सोडरस्ट्रॉम, विल्सन या चार बॅटरांवर मिळून २८ कोटी १५ लाख डॉलर. पिचरांवरचा मोठा करार एकच, सेव्हेरिनोचा. मग उणिवांची यादी करायला जाणकार कशाला हवा? पहिल्या दर्जाचा एक, खरं तर दोन सुरुवातीचे पिचर हवेत. मिलरच्या जागी शेवटचा डाव टाकणारा भरवशाचा माणूस हवा. तिसऱ्या बेसवर मॅक्स मन्सी आहे, पण मोसमभर पुरेल की नाही याची खात्री नाही. (डॉजर्सचा मॅक्स मन्सी वेगळा. नाव तेच, जन्माची तारीखही तीच, २५ ऑगस्ट. त्यालाही एकेकाळी ॲथलेटिक्सनंच ड्राफ्टमध्ये घेतलं होतं आणि २०१७ मध्ये सोडून दिलं. पुढे तो लॉस एंजेलिसमध्ये विश्वविजेता झाला. या संघाच्या चाहत्यांच्या नशिबी काय काय असतं, त्याचा हा एक नमुना.)

पिचर हवेत हे फोर्स्टनाही माहीत आहे. अडचण अशी की हवा असलेला पिचर विकत मिळत नाही. ज्याच्यापुढे दोन-तीन संघांचे प्रस्ताव आहेत तो सॅक्रामेंटोला कशाला येईल? त्याचे आकडे बिघडणार, आणि आकडे बिघडले की पुढच्या करारात किंमत घसरणार. सेव्हेरिनोचं घरचं आणि बाहेरचं प्रगतिपुस्तक प्रत्येक एजंटनं वाचलेलं आहे. म्हणजे त्याला यायला लावायचं तर बाजारभावापेक्षा जास्त मोजायला हवं. स्वतःच्या कर्मानं लागलेला हा दंड आहे. ओकलंडचं कोलिझियम जुनाट होतं, गटारं तुंबायची, पोसम नावाचे प्राणी घुसायचे, सगळं खरं. पण तिथल्या समुद्राकडच्या थंड, जड हवेत आणि रुंद फाऊल क्षेत्रात पिचर सुखी होते. पिढ्यान्‌पिढ्या हा संघ स्वस्तातले पिचर घेऊन त्यांच्याकडून चांगले आकडे काढत आला, त्यात त्या मैदानाचा वाटा होता. मालकानं संघ हलवला तेव्हा ही मिळकत मागेच राहिली. कुठल्याही ताळेबंदात तिची नोंद नाही.

इथे मालकाच्या बाजूचा एक युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा. किमान खर्चाची सक्ती केली की संघ कसातरी आकडा भरण्यासाठी पैसे उडवतात. लेक्लर्कचे एक कोटी म्हणजे त्याचाच पुरावा, असं कोणी म्हणेल. हे पैसे तरुणांच्या प्रशिक्षणावर, स्काउटांवर, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादमीवर गेले असते तर जास्त फळ मिळालं असतं. आणि सेव्हेरिनोनं मेट्सचा एका वर्षाचा प्रस्ताव नाकारलेला असल्यामुळे त्याला घेताना ॲथलेटिक्सना ड्राफ्टमधली एक निवडही सोडावी लागली, म्हणजे सक्तीनं भविष्यच खाल्लं.

या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. पण सक्ती नव्हती त्या वर्षांत ते पैसे प्रशिक्षणावर गेले का? २०२३ च्या ११२ पराभवांच्या संघाकडे पाहून कोणी तसं म्हणणार नाही. शिवाय सक्ती आली तेव्हा त्यातला मोठा वाटा शेवटी सोडरस्ट्रॉम आणि विल्सनसारख्या घरच्याच मुलांकडे गेला. पहिल्या वर्षी घाईनं दुकानात जाऊन मिळेल ते उचललं, दुसऱ्या वर्षी विचार करून खर्च केला. सक्ती टिकाऊ असली की तिला शहाणपणाचं वळण लागतं. कडेला ठेवलेली, कधी लागू कधी नाही अशी असली की मालक फक्त वेळ मारून नेतो.

आता कमाल मर्यादेचा गोंगाट. २०२४ आणि २०२५ ची दोन्ही विजेतेपदं डॉजर्सनी घेतली. २०२५ साठी त्यांना नुसता जादा पगाराचा कर सुमारे १७ कोटी डॉलर भरावा लागला. सेव्हेरिनोच्या तीन वर्षांच्या कराराच्या अडीचपट फक्त दंड! या जानेवारीत त्यांनी काईल टकर या बॅटरला चार वर्षांसाठी २४ कोटी दिले. लहान शहरांतल्या चाहत्यांचा संताप समजण्यासारखा आहे. मालकांना हा संताप वापरायचा आहे. सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारावर कमाल मर्यादा आणायची हाक तेव्हापर्यंत वाढतच जाणार. अमेरिकेच्या चार मोठ्या लीगांपैकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीत कमाल मर्यादा आहे, फक्त बेसबॉलमध्ये नाही. १९९४ मध्ये याच मुद्द्यावर खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची विश्वमालिका झालीच नाही. म्हणून संघटना या शब्दाचं नाव काढलं की ताठ होते.

आपल्या वाचकांना यात नवल वाटेल. आयपीएलमध्ये लिलावाची पिशवी ठरलेली असते, २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये, आणि त्यातले ७५ टक्के खर्च करावेच लागतात. वरची आणि खालची रेघ एकत्र. मालकांचं म्हणणंही हेच, की किमान हवी तर कमालही घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी खेळाडूंपुढे १० कोटी डॉलरची किमान मर्यादा ठेवली होती, पण सोबत जादा कराची सुरुवात १८ कोटींवर खाली आणायची अट घातली. संघटनेनं ती झिडकारली, आणि माझ्या मते बरोबर केलं. आयपीएलचं गणित वेगळं आहे. तिथे केंद्रीय टीव्ही हक्कांचा पैसा सगळ्या संघांचं पोट भरतो आणि खेळाडूंची संघटनाच नाही. बेसबॉलमध्ये खेळाडूंना पन्नास वर्षांच्या लढ्यानं बाजारभाव मिळालाय. फिशरना खर्च करायला लावण्याची किंमत टकरनं का मोजावी? डॉजर्सचा खर्च रोखल्यानं सॅक्रामेंटोत एक पिचर वाढणार नाही. वाचलेला पैसा मालकांच्या खिशात राहील, एवढंच.

लागणारी गोष्ट सोपी आहे. सामायिक पेटीतून पैसे घेणाऱ्या संघाला दीडपटीची अट थेट, स्वयंचलित लावायची. तक्रार, पुरावा, लवाद यांच्या फेऱ्यात न अडकवता. आकडा कमी पडला तर पुढच्या वर्षीची मदत तेवढ्यानं कापायची. आणि जो संघ जुनं शहर सोडून तात्पुरत्या मैदानावर खेळतो, त्याला सवलत देण्याऐवजी अट वाढवायची. कारण तिकिटाचं उत्पन्न त्यानं स्वतःहून घालवलेलं असतं. तीन वर्षं दहा हजारांपुढे खेळण्याचा निर्णय खेळाडूंनी घेतला नव्हता, सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकांनीही नाही.

याला बाकीचे मालक मान्यता देतील का? अवघड आहे. ज्यांनी स्थलांतराला एकमतानं हात वर केले त्यांच्यात उद्या स्वतःचं शहर सोडायची धमकी देणारेही आहेत. लास व्हेगासचं मैदान ३३ हजार प्रेक्षकांचं, छत असलेलं, खर्च २०० कोटींच्या घरात, त्यात नेव्हाडाच्या करदात्यांचे ३८ कोटींपर्यंत. २०२८ ला ते उघडायचंय. तेव्हा कर्ट्झ, सोडरस्ट्रॉम, विल्सन ऐन भरात असतील आणि तिकिटं त्यांच्या नावावर विकली जातील. या करारांचं खरं गिऱ्हाईक नेव्हाडात आहे हे सॅक्रामेंटोचे प्रेक्षकही ओळखून आहेत. ओकलंडच्या लोकांनी तर केव्हाच दुसरी वाट धरली. त्यांनी बॉलर्स नावाचा छोटा संघ उभा केला, २०२४ मध्ये तो मैदानात उतरला, चाहत्यांना त्याचे भाग विकले, आणि २०२५ मध्ये तो पायोनिअर लीग जिंकलाही.

सेव्हेरिनोच्या करारात एक बारीक कलम आहे. २०२६ चा मोसम संपला की तो तिसऱ्या वर्षावर पाणी सोडून मोकळा होऊ शकतो. परक्या मैदानांवरचे त्याचे आकडे चांगले राहिले तर तो जाईल, यात मला शंका नाही. तो निर्णय नोव्हेंबरमध्ये येईल. त्यानंतर काही आठवड्यांत कामगार करार संपेल आणि दीडपटीची अटही त्याच्याबरोबर. मोकळे झालेले ते कोट्यवधी डॉलर दुसऱ्या पिचरवर खर्च करायचे की नाहीत, हे ठरवताना फिशरना मग विचारणारं कोणीच नसेल.